कार्यशाळा ठीक, चहा पुचाट, पण एका तासाने पैसे वसूल

मी मेडिकल सोशल वर्कर. सरकारी मोफत उपचारांच्या फुले योजनेची कागदपत्रं जमवा, कुणीतरी आणून टाकलेल्या आजोबांचे नातेवाईक शोधा, धर्मादाय हॉस्पिटलांना फोन करून गरिबांसाठी राखीव १० टक्क्यांतला फुकटचा बेड आहे का विचारा, हे आमचं रोजचं. तर मैत्रिणीने ओढून नेलं म्हणून एका शनिवारी सोशल वर्करांसाठीच्या "वर्क एंगेजमेंट आणि वेलबीइंग" कार्यशाळेला गेले, फी ८०० रुपये, जेवणासकट.

सकाळी युट्रेक्ट वर्क एंगेजमेंट स्केल, म्हणजे कामात आपलं मन किती रमतं ते मोजणारा फॉर्म, भरून घेतलं. १७ वाक्यं, प्रत्येकाला ० ते ६ मार्क, कधीच नाही ते रोज. उत्साह, समर्पण आणि ॲब्सॉर्प्शन, म्हणजे कामात बुडून जाणं, असे तीन भाग. आता मराठी कागदावर या ॲब्सॉर्प्शनचं कुणीतरी सरळ "शोषण" करून ठेवलेलं, अख्खा हॉल हसला, मागून एक ताई म्हणाल्या की याला आमचे पूर्ण ६ लिहा!

माझा स्कोअर भरपूर आला, ट्रेनर खूश, म्हणे तुम्ही तर फुल एंगेज्ड. पण त्यात एक वाक्य आहे, कामातून स्वतःला बाजूला काढणं अवघड जातं. मी ६ दिले, कारण रात्री जेवताना पण वॉर्डातलं पोरगंच डोळ्यासमोर असतं, आणि स्केलमध्ये हे प्लसमध्ये धरतात हो! ९ वाक्यांच्या छोट्या फॉर्ममध्ये हे वाक्य नाहीये, मग तोच का नाही दिला? काम मला आवडतंच, पेशंट बरा होऊन घरी गेला की दिवस सोन्याचा होतो, समाधान आहेच, पण झोप नाही, आणि दोन माणसांचं काम एकटीने करत असताना हे प्रेम किती वर्षं पुरेल ते कुठल्या रकान्यात लिहायचं? हे विचारलं तर उत्तर मिळालं, दीर्घ श्वास घ्या. घेतला.

दुपारचं सेशन मात्र झकास. पाच-पाच जणांचे गोल, प्रत्येकाने मनात अडकलेली एक केस सांगायची, बाकीच्यांनी सल्ला न देता नुसतं ऐकायचं. कॉलेजात फील्डवर्कला असताना दर आठवड्याला सुपरव्हायझर असा बसायचा, नोकरी लागली आणि ते बंदच पडलं, आता कुणी विचारतं ते फक्त आकडे. तासाभरात दोघी रडल्या, एक जण पोटभर हसला, आणि मी त्या रात्री नीट झोपले, खरंच.

जेवण चांगलं, मटकीची उसळ दोनदा घेतली. एसी बंद. सर्टिफिकेट मेलवर येणार होतं, अजून वाट बघतेय.

५ पैकी ३ स्टार, ते पण दुपारमुळे. आमच्या गोलातले पाचजण आता महिन्यातून एकदा एकीच्या घरी बसतो, फी शून्य आणि चहा आल्याचा.