हवामान विभागाचा रोजचा पर्जन्य अहवाल: एका नियमित वाचकाचा अभिप्राय

भारतीय हवामान विभागाचा पर्जन्य अहवाल मी अनेक पावसाळे नियमितपणे वाचत आलो आहे आणि ही सेवा मला अत्यंत मोलाची वाटते. मात्र तिचे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: एखाद्या तारखेपुढे दिलेला पाऊस हा त्या दिवशी सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचा असतो. म्हणूनच २६ जुलै २००५ रोजी मुंबईवर कोसळलेला पाऊस २७ जुलैच्या सकाळच्या नोंदीत सापडतो, सांताक्रूझला ९४४.२ मिलिमीटर आणि त्याच शहरातील कुलाब्याला अवघा ७३.४.

मोजणीची पद्धत साधी, पण काटेकोर आहे. साध्या पर्जन्यमापकाच्या नरसाळ्याची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच ठेवतात. साठलेले पाणी मोजपात्रात ओतून, डोळे पाण्याच्या पातळीशी आणून निरीक्षक आकडा वाचतो. या शिस्तीबद्दल मला मनापासून आदर आहे.

उणीव जाणवते ती वर्गवारीत. सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त, एवढा रुंद पट्टा ‘सामान्य’ या एकाच शब्दात बसवला जातो, त्यामुळे तीन आठवडे कोरडे जाऊन दोन दिवसांत भरपाई झालेला जिल्हाही ‘सामान्य’च ठरतो. दुबार पेरणी कराव्या लागलेल्या शेतकऱ्यासाठी तरी या टक्केवारीशेजारी पावसाच्या दिवसांची, म्हणजे किमान २.५ मिलिमीटर पाऊस झालेल्या दिवसांची, संख्या ठळकपणे द्यायला हवी.