‘बनगरवाडी’ पुन्हा वाचताना: गवतावर उभी असलेली वाडी

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ पुस्तकरूपाने आली १९५५ साली. बहुतेक जण ती एका तरुण मास्तराची गोष्ट म्हणून वाचतात. माणदेशातली धनगरांची वाडी, शाळा भरवायची खटपट, तालमीची उभारणी आणि शेवटी दुष्काळ. असं वाचलं की दुष्काळ नुसता शेवट ठरतो आणि निम्मं पुस्तक हातातून निसटतं. सातारा-सांगलीच्या वाचकाने तरी ही चूक करू नये.

आधी पाऊस समजून घ्यावा. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर कोसळतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात आणि शेजारच्या आटपाडीत ५०० च्या आसपास पडला तरी बरं म्हणायचं. ढग घाटमाथ्यावर रिते होतात, माण-आटपाडीचा हा पट्टा, म्हणजे माणदेश, पर्जन्यछायेत राहतो. पीक बेभरवशाचं, म्हणून मेंढरं. आणि मेंढरं हलती राहिली तरच जगतात. एका माळावरचं गवत सरलं की दुसरा माळ गाठायचा. वाडीचा सगळा हिशेब या गवताचा आहे.

आता मास्तराकडे बघा. त्याने आणलेल्या शाळा आणि तालीम या दोन्ही एका जागी बसून राहणाऱ्या गोष्टी. तालमीसाठी औंध संस्थानचे राजेसाहेब येतात, वाडीचं नाव होतं. पुढे पाऊस दगा देतो, माणसं मेंढरं घेऊन जगायला बाहेर पडतात आणि तालीम जागच्या जागी राहते. माडगूळकर यावर एका शब्दाचं भाष्य करत नाहीत. या कादंबरीचं खरं बळ तिथे आहे.

वाडीतल्या शेकूचं प्रकरण सावकाश वाचावं. जोडीला बैल नाही, म्हणून त्याची बायको जुवाला खांदा देते. यात दारिद्र्य दिसतंच, पण त्यामागे वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल आहे. ओल जास्त असली तर औत रुततं, उडाली तर बी उगवत नाही. मधले दिवस मोजकेच. बैल मिळेपर्यंत थांबायची सवड माणदेशातली जमीन देत नाही.

उणीवही आहे. निवेदक वाडीत राहणारा, त्यामुळे मेंढरांमागची वाट, रोज बदलणारा मुक्काम, बायकांनी पाठीवर हलवलेला संसार पुस्तकात फारसा येत नाही. माणूस बाजूला ठेवून जनावराकडे बघायचं असेल, तर माडगूळकरांचंच ‘सत्तांतर’ (१९८२) घ्यावं. वानरांच्या टोळ्यांवरच्या या छोट्या कादंबरीला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे.

वाचकगटाने ‘बनगरवाडी’ दोनदा वाचावी. पहिल्यांदा सलग. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन समासात तीन वेगळ्या खुणा कराव्यात: पाणी, चारा, जनावर. शाळेच्या प्रसंगांशेजारी त्या कुठे दाट होतात, कुठे विरळ, यावर बोलावं. चर्चा थेट दुष्काळापासून सुरू केली की गाडी दैवाच्या कोपाकडे वळते आणि तिथेच अडकते.

आटपाडीत आज टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आणि डाळिंबाच्या बागा आहेत. तिथल्या तरुण वाचकाला ‘माळ’ म्हणजे पडीक जागा वाटते. त्याने दुसऱ्या वाचनाआधी एखाद्या चराऊ माळावर जावं, तरवडाचं झुडूप आणि हिवराचं झाड ओळखावं आणि कुसळी गवत वाळल्यावर मेंढरं त्याला तोंड का लावत नाहीत, हे तिथल्या मेंढक्याला विचारावं.