फळ्या दाबायचा जुना क्रॅम्प, ४८ नंबरचा रंधा आणि माडीची जमीन: वापरानंतरचा अनुभव

डिचोलीकडच्या आमच्या घराच्या माडीची लाकडी जमीन यंदा उखडून पुन्हा घातली. फळ्या फणसाच्या आणि सागवानी. काही वाळवीने गेलेल्या, बाकीच्या अजून ठणठणीत. त्यासाठी जुन्या बाजारातून तीन हत्यारं जमवली होती: फळ्या एकमेकींना दाबणारा क्रॅम्प, फळीच्या काठाला जीभ आणि खाच पाडणारा रंधा, आणि खिळेकाढणी. काम उन्हाळ्यात झालं, अख्खा पावसाळा त्यावरून गेला, म्हणून आता खात्रीने लिहिता येतं.

पैसे खऱ्या अर्थाने वसूल केले ते बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) क्रॅम्पने. हा कडीवर, म्हणजे फळ्यांना खालून आधार देणाऱ्या आडव्या लाकडावर, घोड्यावर मांड ठोकल्यासारखा बसतो. खालचे दोन दातेरी जबडे कडीला दोन्ही बाजूंनी धरतात आणि स्क्रू फिरवला की पुढचा ठोकळा फळीच्या काठाला रेटतो. जोर वाढेल तसे जबडे आणखी रुततात, त्यामुळे तो मागे सरकत नाही. पाच-सहा फळ्या नुसत्या मांडायच्या, एकत्र दाबायच्या आणि मगच खिळे ठोकायचे. जुन्या फळ्या थोड्या बाकदार असतातच. हातोडीने कितीही ठोकल्या तरी न मिटणारी फट इथे सावकाश, डोळ्यांदेखत मिटते. ठोकळा आणि फळी यांच्यामध्ये टाकाऊ लाकडाचा तुकडा हवाच, नाहीतर फळीची जीभ (शेजारच्या फळीच्या खाचेत बसणारी काठाची पट्टी) चेचली जाते. लांब फळ्यांना एक क्रॅम्प पुरत नाही. एकाच जागी दाब आला की दुसरं टोक उघडतं. घ्यायचे तर दोन घ्या.

पण आपल्या घरांत याची एक मोठी अडचण आहे. हे विलायती हत्यार दोन-तीन इंच जाडीच्या, करवतीने सरळ कापलेल्या कड्यांसाठी घडवलेलं. गोव्यातल्या जुन्या घरांत कड्या चार-पाच इंची, कुठेकुठे तर माडाच्या गोल खोडाच्याच. तिथे जबडा मावतच नाही. आमच्या मागच्या खोलीत हेच झालं. मेस्तांनी, म्हणजे आमच्या सुतारांनी, मग कडीवर एक ठोकळा ठोकला, ठोकळा आणि फळी यांच्यामध्ये दोन पाचरी उलटसुलट घातल्या आणि दोन्ही टोकांकडून आळीपाळीने हातोडी मारली. फट तितकीच चोख मिटली. वेळ जास्त लागला, पण खर्च शून्य. त्यामुळे क्रॅम्प विकत घेण्याआधी माडीखाली जाऊन कडीची जाडी मोजा.

दुसरी गोष्ट पावसाची, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लाकूड दमट हवेत लांबीला जवळजवळ वाढत नाही, रुंदीला वाढतं. मे महिन्यात सुकलेल्या फळ्या या क्रॅम्पने अंगातली सगळी ताकद लावून आवळल्या, तर जुलैत फुगायला त्यांना जागाच राहत नाही आणि मधल्या फळ्या खिळ्यांसकट वर उचलतात. मेस्तांचं सांगणं स्वच्छ होतं: “फट मिटली की थांबायचं. त्यापुढे एक आटासुद्धा नाही.” शिवाय भिंतीलगत चारही बाजूंना अर्धा इंच जागा सोडून वर पट्टी मारली. पावसाळाभर जमीन सपाट राहिली. आता कोरड्या हवेत काही ठिकाणी पोस्टकार्ड जाईल एवढी फट दिसते, ती दिसायलाच हवी.

स्टॅनली कंपनीचा ४८ नंबरचा रंधा मात्र हौसेने जपावा असा. याचं पेटंट १८७५ सालचं. बाजूची टेकणपट्टी (फळीला टेकवून रंधा सरळ चालवायची पट्टी) मधल्या खिळीवर अर्धा फेरा फिरते. एका स्थितीत दोन्ही पाती उघडी राहतात, दोन्हीकडचं लाकूड काढतात आणि मध्ये जीभ उरते. पट्टी फिरवली की एक पातं झाकलं जातं आणि उरलेलं त्याच मापाची खाच पाडतं. टेकणपट्टी दोन्ही वेळा फळीच्या दर्शनी अंगाला लावली, तर फळ्यांची जाडी थोडी कमीजास्त असली तरी वरचा भाग एका पातळीत येतो. मशीनचा धुरळा नाही, फक्त लांब सालपटं. फणसावर हा सुरेख चालतो. सागवानात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते आणि धारेचा दगड हाताशीच ठेवावा लागतो. मर्यादाही आहे: ७/८ इंची फळीत खाच बरोबर मधोमध येते, जाडी बदलली की मध्य चुकतो, आणि जुन्या फळीच्या जिभेशी याचं माप जुळत नाही. नवी फळी जुनीला भिडते तिथे आम्ही जुनी जीभ कापली, दोन्हींना खाच पाडली आणि मध्ये सुटी पट्टी सरकवली. दोन-चार फळ्या बदलायच्या असतील तर हा रंधा पुरेसा आहे. अख्खी खोली नवी करायची असेल तर फळ्या गिरणीतून खाच पाडूनच आणा.

सरकत्या दांड्याची खिळेकाढणी बुडालेलं डोकंसुद्धा पकडते, पण भोवतालचं लाकूड ओरबाडते. फळी वाचवायची असेल तर ती नको.

इथल्या खाऱ्या, दमट हवेत बीड बघताबघता गंजतं. वापरून झाल्यावर खोबरेल तेलाचा बोळा फिरवून हत्यारं कपड्यात गुंडाळून ठेवतो. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर आठवड्याला उघडून बघावी लागतात.

घेताना क्रॅम्पच्या बिडाला भेग आहे का ते उजेडात पाहा, कारण बीड वेल्डिंगला सहजासहजी दाद देत नाही. स्क्रू पूर्ण बाहेरपर्यंत फिरवून आटे झिजलेले नाहीत ना ते बघा, आणि जबड्यांच्या दातांवरून बोट फिरवा. गुळगुळीत लागले तर तो कडीवरून घसरणार. रंध्याची दोन्ही पाती आहेत का ते आधी तपासा, आणि टेकणपट्टी दोन्ही जागी घट्ट अडकते ना तेही. पट्टी हलत असेल तर खाच आणि जीभ एकमेकींत बसणार नाहीत, मग किंमत कितीही कमी सांगितली तरी तो घेऊ नका.