जुन्या आउटबोर्ड इंजिनाचा गिअरबॉक्स: मालवणातील दुरुस्तीचा अनुभव

वडिलांनी घेतलेल्या टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिनाच्या (होडीच्या मागच्या बाजूला बाहेरून बसवतात त्या इंजिनाच्या) खालच्या गिअरबॉक्समधील तेल दुधासारखे पांढरे झाले होते, म्हणजेच सील (पाणी आत येऊ न देणारी कडी) झिजून आत पाणी शिरत होते. मालवण बंदराजवळच्या एका छोट्या गॅरेजमधील मिस्त्रींनी केवळ तेल बदलून वेळ मारून नेली नाही. पंख्यामागे शाफ्टला गुंडाळलेली, सील झिजवणारी तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) चिमट्याने सोडवून त्यांनी मला दाखवली, सील आणि पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) बदलला, आणि गिअरबॉक्समध्ये हवेचा दाब देऊन तो पाण्यात बुडवला, तेव्हा एकही बुडबुडा आला नाही. नवे तेल खालच्या छिद्रातून भरत वरच्या छिद्रातून बाहेर येऊ दिले, म्हणजे आत हवा अडकत नाही. सुट्या भागांसाठी १२ दिवस लागतील, हे मात्र त्यांनी आधी सांगायला हवे होते.