मागच्या सीटवरून पाहिलेली होंडा सिटी

आमच्या घरी होंडा सिटीच्या दोन पिढ्या नांदल्या. 2003 साली आलेल्या पिढीची गाडी वडिलांनी घेतली होती आणि पाचव्या पिढीची पेट्रोल गाडी सध्या मी चालवतो. सोलापूर ते पुणे हा सुमारे 250 किलोमीटरचा रस्ता, तुळजापूर आणि अक्कलकोटच्या खेपा, आणि एप्रिल-मेमधले 42 अंशांचे ऊन, एवढ्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की, ही गाडी घ्यायची ती मागे बसणाऱ्यांसाठी.

1998 मध्ये सिटी भारतात आली तेव्हा चालवण्याची हौस असणाऱ्यांनी तिला तिच्या इंजिनासाठी उचलून धरले. 2003 च्या पिढीत प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असलेले इंजिन आले. त्याची ताकद बेताची होती, पण ॲव्हरेज उत्तम मिळे, आणि वडिलांच्या हिशेबात तेच महत्त्वाचे होते. 2008 मध्ये ताकद परत आली. 2014 मध्ये सिटीला प्रथमच डिझेल इंजिन मिळाले (ते 2023 मध्ये बंदही झाले), परंतु आमच्या गावच्या उन्हाळ्याचा विचार करता, त्याच वेळी मागच्या सीटसाठी आलेले एसीचे व्हेंट मला अधिक मोलाचे वाटतात. पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर 2003 च्या गाडीत 2450 मिलिमीटर होते, ते 2014 मध्ये 2600 झाले. या सहा इंचांचा फरक मागे बसल्यावर गुडघ्यांना लगेच कळतो.

आईने सत्तरी ओलांडली आहे. दुपारी दोनला आम्ही सोलापुरातल्या सात रस्त्याहून पुण्याला निघतो तेव्हा मागच्या काचेचा पडदा वर केलेला असतो. मोहोळ येईपर्यंत तिने चपला काढून पाय पसरलेले असतात आणि टेंभुर्णीच्या आधीच तिचा डोळा लागतो. जुन्या गाडीत ती इंदापूरपासूनच ‘अजून किती राहिलं?’ असे विचारू लागे.

सध्याच्या गाडीचे 121 पीएस ताकदीचे इंजिन ओव्हरटेक करताना कमी पडत नाही, याहून त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे नाही. मात्र सेडानमध्ये बसण्याची जागा खालीच असते, त्यामुळे ज्यांच्या घरी गुडघेदुखीचा त्रास आहे त्यांनी शोरूममध्ये ज्येष्ठांना दोन-तीनदा बसवून-उठवून पाहावे आणि मगच निर्णय घ्यावा.

2022 पासून हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेली सिटीही मिळते. शहरातल्या संथ रहदारीत तिची चाके बहुतांशी विजेच्या मोटरवर फिरतात आणि इंधनाची मोठी बचत होते. ज्यांचे येणे-जाणे शहरातल्या शहरात, जुळे सोलापूर ते बाळीवेस एवढेच आहे त्यांनी तिचा जरूर विचार करावा. परंतु बॅटरीमुळे 506 लिटरची डिकी 306 लिटरवर येते. पुण्याला बहिणीकडे जाताना आमच्या डिकीत दोन मोठ्या बॅगा, चार चादरी, शेंगाचटणीचे डबे आणि कडक भाकरीचा खोका असतो. हायब्रिडमध्ये तो खोका आईच्या पायाशी ठेवावा लागला असता, म्हणून आम्ही साधी पेट्रोलच घेतली.