पहिल्यांदाच गेम मास्टर होताय? डी अँड डी, डंजन वर्ल्ड की ब्लेड्स?

ठाण्यात किंवा वाशी-नेरुळकडे चार-पाच मित्र जमवून रोलप्लेइंगचं टेबल (प्रत्येकाने एक पात्र घेऊन बोलत खेळायचा गोष्टीचा खेळ) सुरू करायचं आहे आणि गेम मास्टर (जीएम), म्हणजे गोष्टीतलं बाकीचं जग चालवणारा, तुम्हीच होणार आहात, तर नियमावली निवडताना मी आधी एकच गोष्ट पाहीन: खेळाडूच्या निर्णयाला वजन कोण देतं, नियम की तुम्ही?

एकच प्रसंग वरच्या तिन्ही खेळांत घालून बघू. साल १७३७, चिमाजी आप्पांची साष्टीची मोहीम सुरू आहे. घोडबंदरच्या पोर्तुगीज किल्ल्यातून एक खलिता पळवून खाडीमार्गे ठाण्याला पोचवायचा आहे. एक खेळाडू म्हणतो, "मी कोळ्याच्या वेषात पहाऱ्यावरून आत जातो."

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये, म्हणजे डी अँड डीमध्ये (पहिली आवृत्ती १९७४, पाचवी २०१४) तुम्ही अवघडपणा ठरवता, समजा १५. खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकून त्यात कौशल्याचा आकडा मिळवतो. पंधरा किंवा जास्त आले तर जमलं, नाहीतर नाही. पुढे काय घडतं, ते बहुतेक तुमच्यावर सोडलेलं आहे. नवखा जीएम इथेच अडकतो. तो "नाही जमलं" म्हणतो, खेळाडू दुसरा दरवाजा शोधतात, मग तिसरा, आणि शेवटी जीएमने घरून ठरवून आणलेल्या वाटेवरच येतात. रेलरोडिंग, म्हणजे खेळाडूंना ठरलेल्या रुळावरूनच नेणं, असं नकळत सुरू होतं. यावर उपाय आहे: कथानक तयार करू नका, परिस्थिती तयार करा. किल्लेदाराला काय हवंय, पहारा कधी बदलतो, भरती कधी येते, कोणता शिपाई पगार थकल्यामुळे चिडलाय, एवढं लिहून ठेवा. मग खेळाडू कुठूनही आले तरी किल्ला त्यांना उत्तर देतो. हे जमलं तर डी अँड डी फार सुंदर चालतं, आणि लढाईची मजा या तिघांत तिथेच सगळ्यात जास्त आहे.

डंजन वर्ल्ड (२०१२) निर्णय नियमातच आणतं. सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. बेरीज दहा किंवा वर गेली तर काम फत्ते, सहा किंवा खाली आली तर डाव जीएमच्या हातात. सात ते नऊमध्ये काम होतं, पण किंमत मोजून. वर कसलाही आकडा मिळवायचा नसेल, तर ३६ पैकी १५ शक्यता या मधल्या टप्प्यात पडतात. पहारेकरी म्हणतो, "जा आत, पण होडी इथे राहील." किंवा, "तुझा हा सोबती ओलीस ठेव." कोणती किंमत मोजायची, हे खेळाडू ठरवतो. मला हीच या खेळाची खरी ताकद वाटते. लाजरा खेळाडूसुद्धा अशा वेळी बोलतो, कारण समोर ठोस पेच असतो. मात्र तो पेच जीएमला जागच्या जागी सुचावा लागतो.

ब्लेड्स इन द डार्क (२०१७) खेळाडूला आणखी मोकळीक देतं. तासभर बेत रचायची गरज नाही. मोहीम कशी करायची तेवढं ठरवून थेट आत शिरायचं, आणि अडचण आली की फ्लॅशबॅक घ्यायचा, म्हणजे आधी केलेली तयारी आत्ता सांगायची: "त्या शिपायाला मी कालच पैसे चारलेत." त्याबद्दल बहुधा स्ट्रेस, म्हणजे पात्रावरच्या ताणाचे गुण, सोसावा लागतो. कोणतं कौशल्य वापरायचं ते खेळाडू निवडतो, धोका किती ते तुम्ही सांगता. पण खेळाचं स्वतःचं, गुन्हेगारी टोळ्यांचं शहर आहे, डॉस्कव्होल. ते सोडून घोडबंदरला आणायचं तर टोळ्या नव्याने रचाव्या लागतील.

माझा कौल असा. सगळेच नवे असतील तर डंजन वर्ल्ड. दर रविवारी तीच माणसं येणार असतील आणि त्यांना लढाया आवडत असतील तर डी अँड डी. अर्धे जण पनवेलची ट्रान्स-हार्बर लोकल पकडायला खेळ सोडून लवकर निघणार आणि पुढच्या वेळी कोण येईल याचा भरवसा नसेल, तर ब्लेड्स. तिथे एका बैठकीत एक मोहीम सहसा संपवता येते.

पैसे आत्ताच खर्च करू नका. तिन्हींचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतात. वरचा पहाऱ्याचा प्रसंग दोन मित्रांसोबत तिन्ही नियमांनी खेळून पाहा, आणि प्रत्येक वेळी फासा पडण्याआधी सांगा की पणाला काय लागलंय.