नाकावरची मर्केल सेल गाठ: ऑपरेशन की रेडिएशन?

मर्केल सेल कार्सिनोमाचा, म्हणजे कातडीच्या एका दुर्मिळ कर्करोगाचा, रिपोर्ट आला आहे, गाठ नाकपुडीवर आहे, पेट (PET) स्कॅनमध्ये, म्हणजे कर्करोग कुठे पसरलाय ते पाहणाऱ्या तपासणीत, बाकी शरीर स्वच्छ आहे, आणि आता ऑपरेशन की रेडिएशन एवढंच ठरवायचं आहे, अशांसाठी हे लिहितो आहे. मी सत्तरी ओलांडल्यावर ही निवड केली.

ऑपरेशनची खरी ताकद म्हणजे पुरावा. काढलेला तुकडा पॅथॉलॉजीत जातो आणि त्याच्या कडा कर्करोगापासून मोकळ्या आहेत की नाहीत ते कागदावर येतं. रेडिएशनमध्ये असा कागद मिळत नाही. गाठ बसत जाताना पाहायची आणि पुढे तपासण्या चुकवायच्या नाहीत. म्हणून गाठ पाठीवर किंवा दंडावर असती तर मीही ऑपरेशनच म्हटलं असतं. गाठीभोवतीची १-२ सेंटिमीटर निरोगी कातडी तिथे सहज देता येते. नाकावर तेवढी द्यायची म्हणजे नाकपुडीच जाते.

मग ती भरून काढायला बरेचदा कपाळाची कातडी खाली वळवतात. रक्तपुरवठा टिकावा म्हणून तिचा देठ भुवईपाशी तसाच ठेवतात आणि साधारण ३ आठवड्यांनी कापतात. तोवर चष्मा नीट बसत नाही. सर्जननी हे जाता जाता सांगितलं, माझ्या मनात मात्र तेच अडकून बसलं. माझं काम मुद्रितं तपासण्याचं. चष्म्याशिवाय मला समोरच्याचा चेहराही धड दिसत नाही, मग औषधांची नावं वाचणं आणि जिना उतरणं तर दूरच. कपाळावरच्या व्रणाचं मला काही वाटलं नसतं. चाचपडत काढायचे ते आठवडे नकोसे वाटले. शिवाय एवढं करूनही या आजारात बहुधा नंतर शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला सांगतातच.

मर्केल सेलची गाठ किरणांना चांगली दाद देते. नुसत्या रेडिएशनवर भागवायचं तर साधारण ६० ते ६६ ग्रे (किरणांचा डोस मोजायचं एकक) डोस देतात, रोज २ ग्रे, आठवड्याचे ५ दिवस. म्हणजे सहा-सात आठवडे गेलेच. रोजच्या जाण्यायेण्याने जीव दमतो. जाळीचा मास्क चेहऱ्यावर घट्ट बसवतात, आणि डोस कातडीलाच पुरेसा मिळावा म्हणून नाकावर मेणासारखा थर ठेवतात. तिसऱ्या आठवड्यापासून माझं नाक भाजल्यासारखं लाल झालं, आत खपल्या धरल्या, अधूनमधून रक्तही यायचं. नंतर ते भरून आलं. कातडी पातळ आणि फिकट राहिली. पण मी उपचाराच्या टेबलावर असेपर्यंतच चष्मा काढावा लागायचा आणि वाचन सुरू राहिलं, म्हणून मला तरी हाच मार्ग सोसला.

तरुण माणसाने मात्र जरा थांबून विचारावं. किरणांचे उशिरा दिसणारे परिणाम पुढच्या कित्येक वर्षांत उमटू शकतात, आणि त्याच जागी पुन्हा पूर्ण डोस देणं अवघड असतं. आणि वाट कुठलीही धरा, मानेच्या लसिकाग्रंथींची सेंटिनेल बायोप्सी, म्हणजे कर्करोग सगळ्यात आधी जिथे पोचू शकतो ती ग्रंथी काढून तपासणं, करायची का, हे मोठं ऑपरेशन किंवा शेक सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारा.